तांबे-कथील बुशचं सिंटरिंग: फेज डायग्राम भट्टीपाशी कसा वाचायचा

प्रश्न हिंगणघाट भागातून आला आहे. थोडक्यात असा: जिनिंगची यंत्रं, डाळ मिल आणि मळणीयंत्रांना लागणारे तेल धरणारे ब्राँझ बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या सच्छिद्र नळ्या) तालुक्यातच बनवायचे आहेत. ९० भाग तांब्याची पूड, १० भाग कथलाची पूड, वर दाबताना वंगण म्हणून पाऊण टक्का झिंक स्टिअरेट. हायड्रॉलिक प्रेसवर दाबायचं आणि अमोनिया क्रॅकरच्या गॅसमध्ये (अमोनिया फोडून मिळणाऱ्या हायड्रोजन-नायट्रोजनमध्ये) ८७० अंशांवर अर्धा तास सिंटर करायचं, म्हणजे पूड पूर्ण न वितळवता तिचे कण एकमेकांना जोडायचे. एकाच ट्रेमधले काही बुश दीड टक्का फुगतात, काही आक्रसून ट्रेला चिकटतात, काहींच्या अंगावर चांदीसारखे चकचकीत मणी येतात. फेज डायग्राम (कोणतं मिश्रण कोणत्या तापमानाला घन आणि कोणत्या तापमानाला द्रव असतं, याचा नकाशा) उघडला तर कथील २३२ अंशांनाच वितळलेलं दिसतं आणि १० टक्के कथलाचं ब्राँझ ८४०च्या पुढे वितळायला लागतं. मग तापमान धरायचं तरी कोणतं?

(खाली सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत, टक्के वजनाचे.)

भाऊ, तापमानाचा आकडा शेवटी येईलच, पण तुमची अडचण आकड्याची नाही. तुम्ही डायग्रामवर १० टक्क्यांपाशी एक उभी रेघ मारली आणि ती खालून वर वाचली. ओतीव ब्राँझसाठी हे बरोबर आहे, पुडीसाठी नाही. तुमचा कच्चा बुश भट्टीत शिरतो तेव्हा त्यात १० टक्के कथील असलेला एकही कण नसतो. असतात ते निव्वळ तांब्याचे कण आणि निव्वळ कथलाचे कण. बुश बाहेर येईपर्यंत त्याच्या आत कुठे ना कुठे शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत प्रत्येक मिश्रण काही काळ तयार होतं आणि मोडतं. म्हणून डायग्राम एका रेघेवर वाचायचा नाही. प्रत्येक तापमानाला आडवी रेघ मारायची आणि विचारायचं: या क्षणी कथील जिथे दाटलंय तिथे काय होतंय, आणि जिथे पोचलेलंच नाही तिथे काय होतंय?

आधी काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो. पुढचं सगळं वेगवेगळ्या पुडी मिसळून केलेल्या मिश्रणासाठी, म्हणजे प्रीमिक्ससाठी आहे. तुम्ही आधीच मिश्रधातू केलेली ब्राँझ पूड, म्हणजे प्री-अलॉय, वापरलीत तर तिच्यात सुटं कथील नसतंच. ती सहसा फुगत नाही, आक्रसते, आणि तिच्यासाठी तुमची उभी रेघ बऱ्यापैकी चालते. शिवाय पुडीच्या कणांचा आकार, कच्च्या बुशची घनता, भिंतीची जाडी, भट्टी सरकत्या पट्ट्याची आहे की बंद पेटीची, यावर आकडे हलतात. कारणं मात्र हलत नाहीत, म्हणून कारणांवरच जास्त वेळ देतो.

तापत जाताना आत काय होतं

पहिला टप्पा २३० अंशांच्या आसपास. शुद्ध कथील २३२ला वितळतं. तांब्याला चिकटून असलेलं २२७लाच, कारण ०.७ टक्के तांब्यापाशी युटेक्टिक आहे, म्हणजे त्या जोडीचं सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण. हे पातळ कथील जिथे होतं तिथे थांबत नाही. केशाकर्षणाने ते तांब्याच्या कणांमधल्या फटींत ओढलं जातं आणि मागे स्वतःच्या आकाराचं भोक सोडून जातं. तेल धरणारी मोठी छिद्रं मुख्यतः अशी जन्मतात. कथलाचा कण जेवढा जाड, छिद्र तेवढं मोठं.

त्याच वेळी तांबं आणि कथील यांची आपसात संयुगं बनायला लागतात: सुमारे ६१ टक्के कथलाची ईटा आणि सुमारे ३८ टक्के कथलाची एप्सिलॉन. दोन्ही त्या तापमानाला घन. म्हणजे पातळ झालेलं कथील पुन्हा गोठत जातं, भट्टी गरम होत असतानाच. भट्टी हळू तापली तर बरंचसं कथील असं अडकतं; झपाट्याने तापली तर बरंचसं पातळ राहूनच दूरवर पोचतं. एकाच मिश्रणाचे बुश सोमवारी एक माप देतात आणि गुरुवारी दुसरं, त्यामागे बहुतेक वेळा तापण्याचा वेग बदललेला असतो. ट्रे अर्धा भरला की वेग बदलला, व्होल्टेज पडलं की वेग बदलला.

पुढच्या पायऱ्या डायग्रामवर आडव्या रेघांनी दिसतात. ४१५ला ईटा मोडते आणि पातळ कथील पुन्हा सुटतं. ७५६ला गॅमा मोडून बीटा (हे दोन्ही तांबे-कथलाचेच घन) आणि द्रव होतो. ७९८ला बीटाही मोडते. त्याच्या वर तांब्याच्या बाजूला फक्त दोनच गोष्टी उरतात, अल्फा नावाचा घन (तांब्यात कथील विरघळलेलं) आणि द्रव. म्हणून ७९८ ही तुमच्या कामाची खरी रेघ आहे. तिच्या खाली कथील कुठल्या ना कुठल्या संयुगात अडकून बसू शकतं. तिच्या वर जिथे कथील जास्त आहे तिथे द्रव होणारच, आणि द्रवातून कथील फार लवकर पसरतं.

इथे एक हिशोब हातानेच करून पाहा. ७९८च्या जरा वर अल्फामध्ये जास्तीत जास्त १३.५ टक्के कथील मावतं आणि सोबतच्या द्रवात असतं २५.५ टक्के. समजा, कथलाचा कण जिथे होता त्याच्या भोवतीच्या जागेत अजून १८ टक्के कथील आहे. तर तिथला द्रवाचा वाटा = (१८ − १३.५) ÷ (२५.५ − १३.५) = ४.५ ÷ १२, म्हणजे ३७.५ टक्के. त्या जागेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग पातळ. शेजारी, जिथे १४ टक्केच आहे, तिथे ०.५ ÷ १२, म्हणजे जेमतेम ४ टक्के. आणखी पलीकडे ६ टक्के असेल तर शून्य. एकाच बुशात, एकाच तापमानाला, काही मायक्रॉनच्या अंतरावर ही तीन उत्तरं. द्रव कमी कथलाच्या बाजूला मुरतो, तिथलं अल्फा त्याला पोटात घेतं, आणि सगळीकडे १० टक्के झालं की द्रव संपतो.

८३० आणि ८७० यांतला फरक

आता ८३० अंशांवर आडवी रेघ मारा. तिथे अल्फा साधारण ११ टक्के कथील पोटात ठेवू शकते. तुमची सरासरी १० टक्के. म्हणजे सुरुवातीला जागोजागी द्रव आहे, काम करतो आहे, पण सगळं एकसारखं झालं की प्रत्येक जागा ११च्या आत येते आणि द्रव आपोआप नाहीसा होतो. यालाच तात्पुरत्या द्रवाचं सिंटरिंग म्हणतात. याची सगळ्यात मोठी देणगी ही, की प्रक्रिया स्वतःच स्वतःला थांबवते. भट्टीत चार-पाच मिनिटं जास्त झाली तरी बुश खचत नाही.

८७०वर तीच रेघ मारा. तिथे अल्फात मावतं साधारण ९ टक्के आणि तुमच्याकडे आहे १०. आता सगळं एकसारखं झालं तरी एक वाटा द्रव उरतोच, आणि तापमान तिथे असेपर्यंत तो जात नाही. तो कणांना जवळ खेचत राहतो, छिद्रं बुजत जातात, बुश आक्रसतो, बुड ट्रेला चिकटतं, पातळ भिंत स्वतःच्या वजनाने अंडाकृती होते. थंड होताना हा द्रव कथलाने भरलेला गोठतो आणि त्यातून शेवटी डेल्टा नावाचा कठीण, ठिसूळ भाग उरतो. तो शाफ्टला ओरखडतो.

आता तुमचा ट्रे डोळ्यांपुढे आणा. पेटीभट्टीत मधला आणि दाराजवळचा भाग यांत २०-३० अंशांचा फरक सहज असतो. मधले बुश ८७०वर कायमच्या द्रवात आक्रसले. दाराजवळचे ८४०च्या आसपास फुगवट्याच्या टोकाशीच राहिले. एकाच ट्रेमध्ये दोन उलट्या तक्रारी येण्याचं कारण हेच, आणि मिश्रण बदलून ते जाणार नाही.

फुगतं का

फुगणं हा दोष नाही, प्रीमिक्सचा तो स्वभावच आहे. विदर्भातल्या काळ्या मातीच्या भेगांत पहिल्या पावसाचं पाणी शिरलं की माती फुगते, तसंच काहीसं इथे होतं: पातळ कथील तांब्याच्या कणांमधल्या सांध्यांत आणि कणांच्या आतल्या ग्रेनच्या (बारीक स्फटिकांच्या) सीमांत घुसतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर लोटतं. शिवाय मूळ जागी भोक राहिलेलं असतं, ते लगेच भरून येत नाही. म्हणून माप आधी वाढतं, एका टोकाला पोचतं, आणि मग तापमान किंवा वेळ वाढवला तर उतरायला लागतं. तुम्हाला हवं ते माप या वळणावर कुठे तरी आहे. चढावर थांबलात तर सांधे कच्चे राहतात. टोक ओलांडून उतार जरा सुरू झाल्यावर, पण कायमच्या द्रवात शिरण्याआधी थांबायचं.

दीड टक्का म्हणजे किती ते पाहा. बाहेरून ३० मिमी, आतून २० मिमी, लांबी ३० मिमी असा बुश घ्या. आकारमान ११.७८ घनसेंमी. कच्ची घनता ६.४ ग्रॅम प्रति घनसेंमी धरली तर वजन ७५.४ ग्रॅम. स्टिअरेट जळून गेलं की उरतात ७४.८. तिन्ही दिशांना दीड टक्का फुगला तर आकारमान साडेचार टक्क्यांनी वाढतं आणि घनता ६.०७वर येते. भरीव ब्राँझ ८.८चं असतं, म्हणजे ३१ टक्के पोकळी. तेल भरपूर मावेल, पण जिनच्या धक्क्याला तो बुश तडकेल. बेअरिंगची नेहमीची कक्षा ६.० ते ६.८ असते, तुमच्या कामासाठी मी ६.४ ते ६.६ धरीन.

फुगवटा कमी करायचे मार्ग, माझ्या पसंतीच्या क्रमाने: पहिला, तापण्याचा वेग रोज एकच ठेवणं. दुसरा, कथलाची पूड बारीक घेणं, ३२५ मेशखालची, म्हणजे ४५ मायक्रॉनच्या आतली. तांबं १०० मेशखालचं चालतं. तिसरा, प्रीमिक्समध्ये थोडी प्री-अलॉय पूड मिसळणं. एक फुगते, दुसरी आक्रसते, आणि प्रमाण बदलून माप जुळवता येतं. कच्ची घनता कमी करूनही फुगवटा कमी होतो, पण ताकद जाते, म्हणून तो मार्ग मी शेवटी ठेवतो. उलट, जास्त दाबला तर बुश कमी फुगेल, हा समज सोडा. जास्त दाबलेल्या बुशात द्रवाला आणि गॅसला जागाच उरत नाही आणि तो जास्त फुगतो.

आधी भट्टीचा आकडा खरा करा

८३० आणि ८७०चा फरक वर पाहिला. पॅनलवरचा आकडा ३० अंशांनी चुकीचा असेल तर डायग्राम वाचून उपयोग नाही. सगळ्यात जास्त आढळणारी चूक वायरची आहे. के-टाइप थर्मोकपलच्या (भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या तारजोडीच्या) डोक्यापासून कंट्रोलरपर्यंत त्याच जातीच्या धातूंची कॉम्पेन्सेटिंग केबलच लागते. मधला तुकडा जळाला म्हणून साधी तांब्याची वायर जोडली, तर थर्मोकपलचं डोकं ७५ अंशांवर आणि पॅनल ४० अंशांवर असताना कंट्रोलर खऱ्यापेक्षा ३५ अंश कमी दाखवतो. तो ८३० म्हणतो तेव्हा भट्टी ८६५वर असते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये शेडच ४५ अंशांवर जातं, थंडीच्या पहाटे १०-१२वर येतं, आणि भट्टीच्या अंगाची उष्णता निराळी. म्हणजे चूकही ऋतूप्रमाणे बदलते. आधी ही केबल शेवटपर्यंत हाताने तपासा, प्लस-मायनस उलटं नाही ना तेही पाहा.

मग पडताळणी. चांदी ७२ आणि तांबं २८ टक्के असलेली ब्रेझिंगची तार मिळते. ती बरोबर ७८० अंशांना एकदम वितळते, कारण ते त्या जोडीचं युटेक्टिक आहे. सिरॅमिकच्या बशीत तिचे छोटे तुकडे करून ट्रेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवा. संरक्षक गॅसमध्ये भट्टी ७७०वर नेऊन अर्धा तास थांबवा, थंड करून पाहा. मग नवे तुकडे घेऊन ७९०. पहिल्या खेपेला सगळे तुकडे शाबूत आणि दुसऱ्या खेपेला सगळे गोळा झालेले निघाले तर आकडा खरा आणि भट्टी सारखी. काही वितळले, काही नाहीत, तर कोपरे किती मागे-पुढे आहेत ते समजलं. थंड कोपऱ्यात बुश ठेवू नका, एवढं केलं तरी निम्मी तक्रार जाते.

वेळापत्रक

पेटीभट्टीसाठी मी असं सुरू करीन. खोलीच्या तापमानापासून ४५०-५००पर्यंत मिनिटाला साधारण १० अंश, आणि तिथे २० ते ३० मिनिटं थांबा. हा थांबा झिंक स्टिअरेट जाण्यासाठी आहे. ते राहिलं तर काजळी धरते आणि सांधे जुळत नाहीत. बाहेर जाणाऱ्या गॅसचा पांढरा धूर थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. तिथून ७८०पर्यंत भट्टी जेवढ्या वेगाने जाईल तेवढी जाऊ द्या, पण रोज त्याच वेगाने. शेवटी ८३०. वेळ मोजायची ती बुश ८३०ला पोचल्यापासून, भट्टीची हवा पोचल्यापासून नाही. त्यासाठी एक बारीक थर्मोकपल ट्रेमधल्या एका बुशच्या भोकात ठेवा. सुरुवातीला १० मिनिटं. नंतर त्याच गॅसमध्ये १०० अंशांच्या खाली थंड होऊ द्या. गरम असताना बाहेर काढलात तर पृष्ठभाग काळवंडतो आणि छिद्रांची तोंडं ऑक्साइडने अरुंद होतात. पट्ट्याच्या भट्टीत नेहमीचा पल्ला ८१५ ते ८७० अंश आणि भट्टीच्या गरम भागात एकूण १५ ते ३० मिनिटं असा असतो. त्यातली वरची टोकं लहान वेळेसाठी आहेत. तुम्ही वरचं तापमान आणि लांब वेळ दोन्ही एकत्र घेतलंत.

मग एकाच मिश्रणाच्या, एकाच वजनाच्या बुशवर ८१५, ८३० आणि ८४५ ही तीन तापमानं आणि १० व २० मिनिटं या दोन वेळा, अशा सहा खेपा करा. प्रत्येक खेपेला किमान पाच बुश. मायक्रोमीटरने बाहेरचा व्यास दोन काटकोनी दिशांना घ्या. दोन मापांतला फरक वाढायला लागला की बुश खचायला लागला. मापांचा आलेख काढला की फुगवट्याचं टोक तुमच्या पुडीसाठी, तुमच्या भट्टीसाठी कुठे आहे ते दिसेल. दुसऱ्या कुणाचा आलेख उसना घेऊ नका.

चकचकीत मणी

हे मणी म्हणजे बाहेर ढकललेलं कथील. कथील पातळ झालं, पण तांब्याला ओलं करू शकलं नाही, तर ते फटींत न शिरता पृष्ठभागावर गोळा होतं. तांबं ओलं होत नाही कारण त्याच्यावर ऑक्साइडचा थर असतो. तांब्याचा ऑक्साइड हायड्रोजनमध्ये तसा सहज निघतो, पण २३०पर्यंत त्याला पुरेसा वेळ मिळायला हवा. कथलाचा ऑक्साइड जास्त हट्टी असतो. जुन्या, ओल धरलेल्या पुडीत कथलाच्या प्रत्येक कणाभोवती तो पापुद्र्यासारखा बसतो आणि कण आत वितळूनही बाहेर पडत नाही, मग वर कुठे तरी एकदम फुटतो.

म्हणून पावसाळ्यात मणी वाढतात का, ते तुमच्या नोंदवहीत पाहा. वाढत असतील तर डबे नीट बंद ठेवा, उघडलेली पूड आठवडाभरात संपवा, आणि क्रॅकरच्या पुढचा ड्रायर तपासा. क्रॅकरच्या गॅसमध्ये ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के नायट्रोजन असतो; त्याचा दवबिंदू (ज्या तापमानाला गॅसमधली ओल दव होते तो) उणे ४०च्या आसपास किंवा खाली असला पाहिजे. सिलिका जेलचा रंग उडाला असेल तर मण्यांचं कारण सापडलंच म्हणा. मणी काही बुशवरच येत असतील आणि बाकीचे साफ असतील तर मात्र मिश्रणही पाहा: हॉपर हादरत राहिला की तांबं आणि कथील वेगळे होऊ लागतात. डबल-कोन मिक्सरमध्ये २०-३० मिनिटं मिसळा आणि मिसळलेली पूड लांबच्या खडबडीत रस्त्याने टेम्पोतून आणू नका. मिश्रण प्रेसच्या शेजारीच करा.

गॅसबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन झाला की ते मिश्रण स्फोटक असतं. थंड भट्टीत क्रॅकरचा गॅस थेट सोडू नका. आधी पेटीच्या आकारमानाच्या किमान पाचपट नायट्रोजन फिरवा, मग गॅस. बंद करतानाही उलट क्रमाने हेच. आपल्याकडे वीज कधीही जाते. वीज गेली की आपोआप उघडणारा नायट्रोजनचा व्हॉल्व्ह आणि भरलेलं सिलिंडर कायम जोडलेलं हवं. ते नसेल तर ते येईपर्यंत भट्टी लावू नका.

बुश झाला की नाही, हे कसं ओळखायचं

एक बुश आडवा कापा, कापलेली बाजू बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरने साफ करा, आणि भिंगाखाली धरा. सगळीकडे एकसारखा पिवळसर सोनेरी रंग हवा. लालसर ठिपके दिसले तर तिथे तांबं उघडं आहे, कथील पोचलेलं नाही. वेळ वाढवा किंवा मिक्सिंग पाहा. फिकट, निळसर पांढरे कण दिसले तर तो डेल्टा, म्हणजे कथील एका जागी अडकलंय. फेरिक क्लोराइडने एच करून, म्हणजे पृष्ठभाग हलकासा खाऊ देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हेच स्पष्ट दिसतं: चांगल्या बुशमध्ये अल्फाचे ग्रेन एका कणातून दुसऱ्या कणात सलग गेलेले असतात, जुन्या कणांच्या सीमा शोधूनही सापडत नाहीत. नागपूरला व्हीएनआयटीच्या धातुशास्त्र विभागात किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या चाचणी प्रयोगशाळेत हे करून मिळतं का ते विचारा. सहा खेपांतून सहाच नमुने पाठवायचे आहेत.

इथे एक गोंधळ होईल तो आधीच मिटवतो. समतोल डायग्राम म्हणतो की १० टक्क्यांच्या ब्राँझमध्ये खोलीच्या तापमानाला अल्फासोबत एप्सिलॉन असायला हवी. तुम्हाला ती दिसणार नाही. ३५० अंशांच्या खाली कथलाचे अणू इतके सावकाश हलतात की नेहमीच्या थंड होण्यात ती बनतच नाही. डायग्राम कुठे जायचं ते सांगतो, किती वेळ लागेल ते सांगत नाही. ५००च्या खालच्या रेघा तुम्ही थंड होतानासाठी निर्धास्तपणे बाजूला ठेवू शकता; तापतानाच्या मात्र नाही, कारण तेव्हा द्रव हजर असतो.

ताकदीसाठी बुश आडवा ठेवून दोन सपाट पाटांत दाबा आणि तडकतो तो भार टिपा. भार × (बाहेरचा व्यास − भिंतीची जाडी) ÷ (लांबी × जाडी × जाडी), हा आकडा वेगवेगळ्या मापांच्या बुशची तुलना करायला चालतो. तेलासाठी कोरडा बुश तोला, व्हॅक्यूममध्ये तेल पाजा, पुसून पुन्हा तोला. वरच्या मापाचा बुश सिंटरिंगनंतर साधारण १२ घनसेंमीचा धरला तर २० टक्के तेल म्हणजे २.४ घनसेंमी, वजनाने साधारण २.१ ग्रॅम. घनतेवरून पोकळी २७ टक्के निघते, पण तेल १२ टक्केच घेतो, असं झालं तर छिद्रं आहेत पण एकमेकांना जोडलेली नाहीत. बहुतेक वेळा ते जास्त तापमानाचं लक्षण असतं.

लोखंड-तांबं आणि पितळ

तुम्ही शेवटी विचारलंय की फवारणी पंपाचे छोटे गिअर लोखंडाच्या पुडीतून याच पद्धतीने होतील का. विचाराची पद्धत तीच, भट्टी मात्र दुसरी. लोखंडात २ टक्के तांबं आणि ०.८ टक्क्याच्या आसपास ग्रॅफाइट असलेलं मिश्रण साधारण ११२०वर सिंटर करतात. तांबं १०८५ला वितळतं, आणि त्या तापमानाच्या आसपास लोखंडात ८ टक्क्यांपर्यंत तांबं मावतं. म्हणजे तुमचं २ टक्के तांबं पातळ होऊन, पसरून, लोखंडात पूर्ण विरघळतं: इथेही द्रव तात्पुरताच, आणि इथेही माप फुगतं. ग्रॅफाइट असलं की हा फुगवटा कमी होतो. वरची मर्यादा लोखंड-कार्बनच्या ११४७च्या युटेक्टिकने येते. ग्रॅफाइटचा गोळा जिथे राहिला असेल तिथे ११४७च्या वर स्थानिक द्रव होतो आणि गिअरचा दात खचतो. तुमची भट्टी ९००पर्यंतचीच असेल तर हे काम तिच्यात अर्धवट करू नका.

पितळेच्या पुडीबाबत फेज डायग्राम अपुरा पडतो. तो सहसा वाफेचा हिशोब दाखवत नाही, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्याच्या खूप खालीही त्याची वाफ उडत असते. उघड्या ट्रेवर पितळ सिंटर केलं तर पृष्ठभागातलं जस्त जातं आणि कातडी लाल पडते. ते झाकणाच्या डब्यातच करावं लागतं. ॲल्युमिनियमचंही असंच: त्याचा ऑक्साइड तुमच्या हायड्रोजनने निघणार नाही, आणि डायग्रामवर तो ऑक्साइड कुठेच काढलेला नसतो.

आता आधी केबल आणि ब्रेझिंग तारेची पडताळणी करा, मग सहा खेपा. त्यांची ही माहिती पुढच्या प्रश्नासोबत द्या: कच्च्या बुशचं वजन आणि मापं, सिंटरिंगनंतरचं वजन आणि मापं, ट्रेमधली जागा, ५०० ते ८०० अंश जायला लागलेली मिनिटं, ड्रायरची अवस्था, आणि कापलेल्या बुशचा भिंगातून काढलेला एक फोटो. फुगवट्याचं टोक तुमच्याकडे ८३०च्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्यावरून सांगता येईल, आणि प्री-अलॉय पूड मिसळायची गरज आहे की नाही तेही.